स्कॅनरवरून इंटरनेटने फॅक्स: पलीकडे वाचता येईल असं पान कसं पाठवायचं

फॅक्स मशीन आणि लँडलाइन दोन्ही नसली तरी टेबलावर कागदपत्रांचा स्कॅनर आणि चालू इंटरनेट असेल, तर फॅक्स पाठवता येतो. पान स्कॅन करून फॅक्स सेवेच्या सर्व्हरकडे द्यायचं. सर्व्हर पलीकडच्या नंबरला फोन लावतो आणि तुमचं पान तिथल्या मशीनला समजेल अशा सुरांत पाठवतो. शेवटचा टप्पा अजूनही बऱ्याचदा जुनाच, फोनच्या तारेवरचा असतो, हे लक्षात ठेवलं की पुढच्या बहुतेक अडचणींची कारणं आपोआप कळतात.

नंबर चुकणं, लाइन बिझी असणं हे होतच राहतं, पण ते लगेच कळतं. न कळणारा घोटाळा वेगळाच असतो: अहवालात ‘पाठवला’ असं येतं आणि पलीकडच्या कागदावर सही गायब असते, शिक्क्याच्या जागी काळा डाग असतो. हा घोटाळा स्कॅन करतानाच झालेला असतो.

फॅक्सच्या पानावर काय मावतं

आज सर्वत्र चालतो तो ‘ग्रुप ३’ फॅक्स. त्याचं मानक १९८० सालचं. एका आडव्या ओळीत १७२८ ठिपके, पानाची रुंदी २१५ मिलिमीटर धरून. म्हणजे आडव्या दिशेला इंचाला साधारण २०४ ठिपके. उभ्या दिशेला दोन पर्याय: ‘स्टँडर्ड’मध्ये इंचाला ९८ ओळी, ‘फाइन’मध्ये १९६. प्रत्येक ठिपका एकतर काळा, नाहीतर पांढरा. करडा नाही. रंगीत फॅक्सची तरतूद पुढे मानकात झाली, पण पलीकडचं यंत्र ती पाळेल यावर विसंबू नये.

म्हणून रंगीत किंवा करडी पीडीएफ दिलीत, तर तिचं काळं-पांढरं कुणीतरी करणारच आहे. तुम्ही केलं नाही तर सर्व्हर करेल, त्याच्या नियमाने आणि तुम्हाला न दाखवता. ते काम स्वतःच्या स्कॅनरवर करून डोळ्यांनी पाहून घ्या. या लेखातली बाकीची प्रत्येक सूचना विसरलात तरी ही पाळा.

‘स्टँडर्ड’ की ‘फाइन’, असं सेवा विचारत असेल तर नेहमी ‘फाइन’. १० पॉइंटचं अक्षर ‘स्टँडर्ड’मध्ये जेमतेम १४ ओळींत बसवावं लागतं, ‘फाइन’मध्ये २७ ओळी मिळतात. रोमन अक्षरं १४ ओळींत कशीबशी वाचता येतात. देवनागरीत मात्र शिरोरेषेवर मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, शिवाय जोडाक्षरांची गर्दी. तिथे ‘कु’ आणि ‘कू’ एकच दिसू लागतात.

स्कॅनरची सेटिंग

छापील मजकूर आणि गडद शाईची सही असलेल्या साध्या पानासाठी: ‘ब्लॅक अँड व्हाइट’ (काही ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकावरून स्कॅनर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, याला ‘लाइन आर्ट’, ‘१ बिट’ किंवा ‘टेक्स्ट’ म्हणतात), २०० डीपीआय (इंचाला २०० ठिपके), कागदाचा आकार पलीकडच्या देशात चालतो तो. ३०० किंवा ६०० डीपीआय ठेवून फायदा होईल असं वाटतं, पण काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये उलट होतं. ए४ पान ३०० डीपीआयला २४८० ठिपके रुंद असतं. सर्व्हरला ते १७२८ मध्ये कोंबताना मधले मधले ठिपके टाकून द्यावे लागतात आणि तक्त्यांच्या बारीक रेघा तुटक होतात. २०० डीपीआयला रुंदी १६५४ येते, म्हणजे फॅक्सच्या मापाच्या जवळच, त्यामुळे फारशी मोडतोड होत नाही.

मूळ कागद अवघड असेल तर रस्ता बदला. पेन्सिलीचं लिखाण, कार्बन कॉपी, फिकट पडलेली थर्मल पावती, निळसर किंवा गुलाबी कागदावरचे फॉर्म हे सगळं आधी ‘ग्रे’मध्ये ३०० डीपीआयला स्कॅन करा. मग स्कॅनिंगच्या किंवा फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट असा जुळवा की कागद पांढरा आणि अक्षर काळं होईल. त्यानंतर माप २०० डीपीआयवर आणा आणि सगळ्यात शेवटी काळं-पांढरं करा. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी काळं-पांढरं करून मग लहान केलं तर वर सांगितलेली तुटक रेघांची अडचण पुन्हा येते.

‘थ्रेशोल्ड’ म्हणजे कितपत गडद ठिपक्याला काळं म्हणायचं याची सीमा. बऱ्याच ड्रायव्हरमध्ये ती ० ते २५५ असते आणि सुरुवातीला मधोमध, १२८ वर असते. सही फिकी येत असेल तर १० -१० च्या पायऱ्यांनी सरकवत पाहा. कोणत्या दिशेला सरकवल्यावर पान गडद होतं हे ड्रायव्हरगणिक बदलतं, तेव्हा एकदा दोन्हीकडे हलवून बघावं. ‘ऑटो’ किंवा ‘डायनॅमिक’ थ्रेशोल्ड असेल तर डागाळलेल्या, असमान कागदासाठी तो हाताने लावलेल्या आकड्यापेक्षा सहसा बरा.

तीन सोयी मात्र मुद्दाम तपासा, कारण त्या मदतीच्या नावाखाली मजकूर खातात.

पहिली ‘कलर ड्रॉपआउट’. फॉर्मवरच्या छापील रंगीत चौकटी गाळण्यासाठी ती असते. लाल निवडलेला असेल तर लाल शिक्का जातो, निळा असेल तर निळ्या पेनाची सही जाते. फॅक्ससाठी ‘काहीही नको’ हा पर्याय निवडा. दुसरी ‘डीस्पेकल’, म्हणजे सुटे बारीक ठिपके पुसणारी चाळणी. तिला धूळ आणि अनुस्वार यांतला फरक कळत नाही. दशांशचिन्हही ती पुसते, आणि १२.५० चं १२५० झालेलं कुणाच्याही नजरेला खटकत नाही. बंद ठेवा, फार तर सर्वांत सौम्य पातळीवर. तिसरी ‘हाफटोन’ किंवा ‘डिदरिंग’. फोटोसाठी ठीक, मजकुरासाठी नुकसानकारक, आणि पैशालाही महाग.

महाग का, ते पाहा. ए४ पान ‘फाइन’मध्ये सुमारे ३९.५ लाख ठिपक्यांचं होतं. १४,४०० बिट प्रतिसेकंद या नेहमीच्या वेगाने ते जसंच्या तसं पाठवलं तर साडेचार मिनिटांवर वेळ लागेल. प्रत्यक्षात साधं पत्र अर्ध्या-पाऊण मिनिटात जातं, कारण ‘इतके पांढरे, मग इतके काळे’ असं मोजून पाठवण्याची पद्धत आहे. लांब पांढऱ्या पट्ट्या असतील तर ती भरपूर बचत करते. पण डिदरिंगमध्ये करडा रंग दाखवायला एक काळा, एक पांढरा असे ठिपके विखुरलेले असतात. ग्रुप ३ च्या मूळ कोडमध्ये एकट्या पांढऱ्या ठिपक्याला ६ बिट आणि एकट्या काळ्याला ३ बिट लागतात. दोन ठिपक्यांसाठी ९ बिट. पान आकसण्याऐवजी फुगतं. काही सेवा ६० सेकंदांचं प्रसारण म्हणजे एक पान असा हिशेब करतात, तिथे करड्या पार्श्वभूमीचं एक पान तीन-चार पानांचे पैसे खाऊ शकतं. शिवाय जितका वेळ लाइन चालू, तितकी ती मध्येच तुटण्याची भीती.

हायलायटरचं काय? फिकट पिवळा बहुतेक वेळा पांढरा होऊन जातो. हिरवा, गुलाबी, नारिंगी मात्र काळा पट्टा होऊन नेमका महत्त्वाचा मजकूर झाकतात. अशा पानाला ‘ग्रे’चा लांबचा रस्ताच घ्या, किंवा मूळ प्रत कोरी मिळते का पाहा.

फीडरमध्ये कागद घालण्याआधी

फीडर म्हणजे गठ्ठ्यातले कागद एकेक करून आत ओढणारा भाग. पिना, क्लिपा, चिकटचिठ्ठ्या काढा. पानं पंख्यासारखी फुलवून सुटी करा, कडा टेबलावर आपटून एका रेषेत आणा आणि बाजूच्या पट्ट्या कागदाला टेकतील इतक्याच सरकवा. दाबल्या तर कागद फुगतो, सैल ठेवल्या तर तिरका जातो. फीडरची क्षमता ५० पानांची लिहिली असेल तर ती साध्या, सपाट कागदाची असते. घड्या पडलेले जुने कागद असतील तर निम्मेच घाला. फाटलेलं पान, फोटो चिकटवलेला अर्ज, जाड कार्ड हे फ्लॅटबेडवर (झाकणाखालच्या सपाट काचेवर) किंवा पारदर्शक कॅरियर शीटमध्ये घालून स्कॅन करावं. चिकटवलेल्या फोटोमुळे ‘दोन पानं एकदम आली’ असं समजून स्कॅनर थांबतो. तो बिघाड नव्हे. ध्वनिलहरींनी जाडी ओळखणारा सेन्सर आपलं काम करत असतो.

प्रत्येक पानावर एकाच जागी, वरपासून खालपर्यंत उभी काळी रेघ येत असेल तर काचेच्या अरुंद पट्टीवर काहीतरी चिकटलंय. फीडरमध्ये कागद सरकतो आणि सेन्सर एकाच जागी बसून वाचतो, म्हणून एक कण पूर्ण पानभर रेघ ओढतो. मोठी काच कितीही पुसली तरी ही रेघ जात नाही. फीडरजवळची ती छोटी पट्टी पुसायला हवी. तंतू न सोडणारं कापड स्कॅनरच्या पुस्तिकेत सांगितलेल्या द्रवात किंचित ओलं करून पुसा. सुकलेली व्हाइटनर किंवा डिंक असेल तर नखाने खरवडू नका. कागद घसरत असतील, दोन-दोन जात असतील तर रोलर पुसायची वेळ झालेली असते.

दुहेरी स्कॅनिंग चालू असेल तर कोऱ्या पाठी वगळण्याची सोयही चालू करा. मात्र पाठीवर फक्त एक छोटी सही असलेलं पान तिला कोरं वाटू शकतं. स्कॅन झाल्यावर पानं मोजायचीच.

फाइल

पीडीएफ सगळीकडे चालते. टिफ (चित्राच्या फाइलचा एक प्रकार) घेणाऱ्या सेवांमध्ये ‘ग्रुप ४’ कॉम्प्रेशनची अनेक पानी टिफही चालते. २०० डीपीआयचं काळं-पांढरं पान बहुधा शंभर किलोबाइटांच्या आत बसतं. तुमचं एकच पान एक-दोन मेगाबाइटचं होत असेल तर कुठेतरी रंगीत सेटिंग राहून गेलंय. ‘सर्चेबल पीडीएफ’ची (जिच्यातला मजकूर शोधता येतो) गरज नाही. फॅक्स ती अक्षरं वाचत नाही, चित्रच पाठवतो.

पासवर्ड लावलेली पीडीएफ सर्व्हरला उघडता येत नाही. भरता येणारे फॉर्म आणि पीडीएफवर वरून चिकटवलेली सही यांचाही भरवसा नाही: तुमच्या पडद्यावर दिसतात, फॅक्समध्ये चौकटी रिकाम्या जातात. अशी फाइल आधी ‘प्रिंट टू पीडीएफ’ने नव्याने काढून घ्या, म्हणजे सगळं पानात मुरतं. फाइलचं नाव रोमन अक्षरं आणि आकड्यांत, मध्ये जागा न सोडता द्या. देवनागरी नावावर अडखळणारे सर्व्हर अजून आहेत.

पाठवण्याआधी फाइल उघडून पडद्यावर १०० टक्क्यांवर पाहा. सही, शिक्का, तारीख, रकमा आणि सर्वांत बारीक टीप या पाच जागा वाचल्या तरी पुरे. इथे जे वाचता येत नाही ते पलीकडे वाचता येणार नाही.

स्कॅनिंगसाठी स्कॅनरसोबत आलेलं सॉफ्टवेअर चालतं. ते नसेल किंवा नकोसं असेल तर ‘नॅप्स२’ हे मोफत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. मॅकवर ‘इमेज कॅप्चर’ आधीच असतं. विंडोजमधलं ‘फॅक्स अँड स्कॅन’ नावावरून मोहात पाडतं, पण त्यातला फॅक्स भाग इंटरनेटवरून पाठवत नाही. त्याला फॅक्स मोडेम आणि फोन लाइन, नाहीतर कार्यालयातला फॅक्स सर्व्हर लागतो. त्याचा स्कॅनपुरता उपयोग करा.

पाठवणं

सर्वांत सोपी वाट वेबसाइटची: लॉग इन, नंबर, फाइल, पाठवा. कधीतरी एखादा फॅक्स करणाऱ्याने इथेच थांबावं. मोफत सेवा पानांवर मर्यादा घालतात आणि बऱ्याचदा कव्हर पेजवर स्वतःची जाहिरात छापतात, हे कोर्टात किंवा बँकेत पाठवण्याआधी आठवावं.

रोजचं काम असेल तर ईमेलने पाठवणं सोयीचं. पत्ता म्हणजे फॅक्स नंबर, मग ॲट चिन्ह आणि सेवेचं डोमेन, सोबत पीडीएफ. इथे तीन गोष्टी नडतात. ज्या ईमेलवरून पाठवताय तो सेवेकडे नोंदलेला हवा, नाहीतर मेल मुकाट्याने टाकून दिला जातो. मेलमधला मजकूर बहुतेक सेवा कव्हर पेज म्हणून छापतात, म्हणून मेलखालची स्वाक्षरी आणि लोगो काढून टाका, नाहीतर एक पान त्यांचंच जातं. आणि जोडलेली फाइल मेलमध्ये जाताना सुमारे एकतृतीयांशाने फुगते, तेव्हा २५ मेगाबाइटची मर्यादा असेल तर १८ च्या पुढे जाऊ नका.

संगणक न उघडता थेट स्कॅनरवरूनही पाठवता येतं, जर त्याला ‘स्कॅन टू ईमेल’ असेल. एकदाच बसून करायचं काम आहे: मेल सर्व्हरचं नाव, पोर्ट ५८७, स्टार्टटीएलएस (मेल सर्व्हरशी जोडणी सुरक्षित करणारी पद्धत), वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड भरायचा. मेल खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी असेल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. जिथे सोय असेल तिथे वेगळा ‘ॲप पासवर्ड’ काढून तो भरावा लागतो. जुन्या स्कॅनरला या सुरक्षेची जुनी आवृत्ती, टीएलएस १.०, तेवढीच येत असेल तर आजचे बहुतेक मेल सर्व्हर त्याला दारातच अडवतात. मग फर्मवेअर (स्कॅनरच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. तसं काही उपलब्ध नसेल तर स्कॅन फोल्डरमध्ये टाकून संगणकावरून पाठवा. ॲड्रेस बुकमध्ये नेहमीचे फॅक्स नंबर आधीच पत्त्यांच्या रूपात भरून ठेवले तर चुकीचं बटण दाबण्याखेरीज चूक व्हायला जागा राहत नाही.

नंबर आंतरराष्ट्रीय रूपात लिहा: अधिक चिन्ह, देशाचा कोड, मग शहराचा कोड सुरुवातीचं शून्य गाळून, मग नंबर. इटलीच्या लँडलाइनचं शून्य मात्र ठेवायचं असतं. देश निवडायची यादी असेल तर कोड पुन्हा टाइप करू नका. ‘अमुक नंबर, एक्स्टेन्शन २१’ अशा नंबरावर फॅक्स सहसा जात नाही, कारण ‘यासाठी १ दाबा’ सांगणाऱ्या आवाजाशी सर्व्हर बोलू शकत नाही. थेट फॅक्स नंबर मागून घ्या.

कव्हर पेज स्वतः बनवून पहिलं पान म्हणून जोडा. सेवेच्या चौकटीत मराठी टाइप केलं तर फॉन्टअभावी पलीकडे रिकामे चौकोन उमटण्याची शक्यता असते. त्यावर कुणासाठी, कुणाकडून, परत फोन करायचा नंबर आणि कव्हर धरून एकूण पानं एवढं पुरे. गोपनीय मजकूर कव्हरवर नको, तो मशीनजवळून जाणारा कुणीही वाचतो. लांब कागदपत्र असेल तर २०-२५ पानांचे गठ्ठे करा आणि प्रत्येक पानावर ‘३/२२’ असा क्रमांक घाला. पलीकडच्या जुन्या मशीनची मेमरी किंवा कागद संपला तर किती पोचलं हे दोघांनाही लगेच कळतं.

अहवाल काय सांगतो

प्रत्येक पानानंतर पलीकडचं यंत्र ‘मिळालं’ असा संकेत परत देतं. शेवटच्या पानापर्यंत ते आले की सेवा ‘यशस्वी’ म्हणते. म्हणजे यंत्राने पान घेतलं, माणसाने वाचलं असं नव्हे. मुदतीचं काम असेल तर फोन करून पानं मोजायला सांगा आणि अहवालाची पीडीएफ मूळ कागदासोबत ठेवा. अहवालात पलीकडच्या यंत्राने सांगितलेली ओळख असते, जास्तीत जास्त २० अक्षरांची. ती त्या यंत्राच्या मालकाने कधीकाळी भरलेली असते, तेव्हा जुना नंबर दिसला म्हणून घाबरू नका. पण अगदी भलत्याच संस्थेचं नाव असेल तर नंबर पुन्हा तपासा.

‘बिझी’ आणि ‘उत्तर नाही’ आलं तर सेवेला स्वतःच्या फेऱ्या पूर्ण करू द्या. मध्येच तुम्ही पुन्हा पाठवलं की दोन प्रती जातात. परदेशी कार्यालय असेल तर तिथल्या कामाच्या वेळेत पाठवा, काही ठिकाणी रात्री मशीन बंद असतं.

‘फॅक्स नाही’ किंवा ‘माणसाने उचलला’ आलं तर साध्या फोनवरून तो नंबर लावून ऐका. सुमारे ३ सेकंदांची एकसलग शिट्टी (२१०० हर्ट्‌झ) आली तर तिथे फॅक्स आहे. ‘हॅलो’ ऐकू आलं तर नंबर चुकीचा आहे, किंवा मशीन हाताने चालू करावं लागतं.

‘ट्रेनिंग फेल’, ‘निगोशिएशन एरर’ म्हणजे दोन्ही बाजूंना वेग जुळवता आला नाही. सेवेत पर्याय असेल तर वेग ९,६०० वर आणा. पानं मध्येच तुटत असतील, समजा ९ पैकी ४ गेली, तर उरलेली पाचच नव्या कव्हरसह पाठवा आणि कव्हरवर तसं लिहा. ‘कन्व्हर्जन फेल’ला फोन लाइनशी काही देणंघेणं नाही: पासवर्ड, फॉर्म किंवा बिघडलेली फाइल. ‘प्रिंट टू पीडीएफ’ करून पुन्हा द्या.

इंटरनेट फोनच्या लाइनवर फॅक्स मशीन लावायचं असेल तर

हा वेगळा मार्ग, आणि डोकेदुखीचा. इंटरनेट फोन आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवतो. बोलताना एक तुकडा हरवला तर कानाला कळत नाही. फॅक्सचे मात्र १४,४०० च्या वेगाला त्यात २८८ बिट जातात. यासाठीच १९९८ मध्ये टी.३८ हे मानक आलं. त्यात सूर न पाठवता मूळ माहितीच पाकिटांतून, गरज पडली तर दुबार पाठवली जाते. ॲडॅप्टर (मशीन इंटरनेटला जोडणारा डबा) आणि फोन सेवा दोघांनाही टी.३८ येत असेल तर ते चालू करा. नसेल तर कोडेक (आवाजाचं आकड्यांत रूपांतर करण्याची पद्धत) जी.७११ ठेवा (जी.७२९ सारखे आवाज दाबणारे कोडेक फॅक्सचा चोथा करतात), एको कॅन्सलेशन (प्रतिध्वनी काढून टाकणारी सोय) बंद करा, मशीनचा वेग ९,६०० वर आणा. चुकलेले तुकडे पुन्हा मागवणारी ईसीएम सोय आधी चालू ठेवून पाहा. सतत अडकत असेल तरच बंद करा, आणि तेव्हा पानावर पांढरे पट्टे आले तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

गोपनीयता

तुमच्यापासून सेवेपर्यंतचा प्रवास वेबवरून केलात तर एन्क्रिप्ट होतो, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येत नाही. सर्व्हरपासून पलीकडच्या मशीनपर्यंतचा फॅक्स सहसा तसा नसतो, आणि कागद ट्रेमध्ये उघडा पडतो. शिवाय तुमच्या फाइलची प्रत सेवेच्या सर्व्हरवर, ईमेलच्या ‘सेंट’मध्ये, स्कॅनच्या फोल्डरमध्ये आणि काही स्कॅनरच्या स्वतःच्या मेमरीत राहते. ओळखपत्रं, वैद्यकीय कागद, बँकेचे तपशील पाठवत असाल तर सेवेच्या सेटिंगमध्ये पाठवल्यानंतर फाइल आपोआप पुसण्याचा पर्याय आहे का पाहा. तो खातं उघडल्यावर पहिल्याच दिवशी चालू करा. जुने फॅक्स त्याने पुसले जातीलच असं नाही, ते हाताने काढावे लागतात.